कोकण रेल्वे व्हायला इतकी वर्षं का लागली, आणि ती भारतीय रेल्वेपेक्षा वेगळी कंपनी का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. मुंबईतून देशातली पहिली रेल्वे १८५३ साली सुटली, तरी शेजारच्या कोकणाला १९९८ पर्यंत वाट का पाहावी लागली? आणि रूळ, गाड्या, तिकिटं सगळं तेच असताना 'कोकण रेल्वे कॉर्पोरेशन' नावाची निराळी कंपनी कशाला? माझं गाव कुडाळ तालुक्यात आहे आणि या रेल्वेचा इतिहास हा माझा जिव्हाळ्याचा विषय आहे, त्यामुळे उत्तर थोडं लांबेल. दोन्ही प्रश्नांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: या मार्गावर पैसे घालायला कुणी तयार नव्हतं.

इंग्रजांच्या काळात रेल्वे कुठे न्यायची हे माल ठरवत असे. विदर्भ-खानदेशातला कापूस मुंबई बंदरात आणायचा होता, दख्खन ताब्यात ठेवायचं होतं, मद्रासशी जोडायचं होतं. म्हणून जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वे कंपनीने सह्याद्री फोडला. बोरघाटातून गाड्या १८६३ साली धावू लागल्या आणि दोनच वर्षांनी थळघाट झाला. गोव्यातसुद्धा पोर्तुगिजांच्या मुलखातून मुरगाव बंदर ते घाटमाथा अशी लाईन १८८८ मध्ये सुरू झाली. या सगळ्या रेषा नकाशावर काढून पाहा: प्रत्येक रेष बंदरापासून डोंगर चढून वर जाते. किनाऱ्याला समांतर, उत्तर-दक्षिण अशी एकही नाही. कोकणातून निघणारा मुख्य 'माल' म्हणजे माणसंच. गिरणीत, गोदीत, घरकामाला मुंबईला जाणारे चाकरमानी. त्यांच्यासाठी बोटी होत्या, पुढे एसटी आली. भाऊच्या धक्क्यावरून निघून रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ला करत जाणारी बोट पावसाळ्यात बंद असे, पण त्यामुळे मुंबईतल्या कुठल्याच कारखान्याचं काही अडत नव्हतं.

दुसरं कारण भूगोल. सह्याद्री आणि समुद्र यांच्यामधला पट्टा दुरून सपाट वाटतो, पण तो आडव्या डोंगरसोंडांनी आणि पश्चिमेकडे धावणाऱ्या नद्यांनी चिरलेला आहे. सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री, काजळी, तेरेखोल, मांडवी, जुवारी, काळी, शरावती. दक्षिणेकडे जायचं तर यातली एकेक ओलांडावी लागते, आणि दोन नद्यांच्या मध्ये डोंगर असतोच. एवढा खर्च करून उत्पन्न काय मिळणार, हा प्रश्न रेल्वे बोर्डाने स्वातंत्र्यानंतरही सोडला नाही.

मागणी मात्र जुनी आहे. अ. ब. वालावलकर या अभियंत्याने हा मार्ग शक्य आहे हे पटवून देण्यात आयुष्यातली अनेक वर्षं घातली. नाथ पै १९५७ पासून राजापूरचे खासदार होते, त्यांनी संसदेत हा विषय लावून धरला. १९७१ मध्ये त्यांच्या निधनानंतर त्याच मतदारसंघातून मधु दंडवते निवडून आले. १९७७ मध्ये जनता सरकारात दंडवते रेल्वेमंत्री झाले. दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर गाद्या आल्या त्या त्यांच्याच काळात, हे अनेकांना ठाऊक असतं. आपटा ते रोहा या टप्प्याला मंजुरी मिळाली तीही त्यांच्याच काळात, हे मात्र कमी लोकांना माहीत आहे. दिव्याहून पनवेल, पनवेलहून आपटा असं तुकड्यातुकड्याने सरकत रूळ रोह्याला पोचायला १९८६ उजाडलं. रायगड जिल्ह्याचा निम्मा भाग ओलांडायला एवढा काळ गेला. अर्थसंकल्पातून दरवर्षी मिळणाऱ्या चार पैशांवर मंगळूरपर्यंत जायचं, तर आमची अजून एखादी पिढी वाट पाहत बसली असती.

१९८९ च्या डिसेंबरात सरकार बदललं आणि एक विलक्षण योग जुळून आला. रेल्वेमंत्री झाले जॉर्ज फर्नांडिस, जन्माने मंगळूरचे. अर्थमंत्री दंडवते. नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष रामकृष्ण हेगडे, उत्तर कन्नडचे. रेल्वे, तिजोरी आणि नियोजन ही तिन्ही खाती एकाच वेळी पश्चिम किनाऱ्याशी नातं असलेल्या माणसांकडे! सरकार वर्षभरही टिकलं नाही, पण तेवढ्यात काम झालं. तिजोरीत पैसे नव्हतेच. म्हणून तोडगा निघाला तो स्वतंत्र कंपनीचा, आणि इथेच तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे. भांडवलात रेल्वेचा वाटा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५, गोवा आणि केरळचा प्रत्येकी ६. केरळातून या मार्गाचा एक मीटरही जात नाही, पण मुंबई गाठण्याचा त्यांचा फेरा वाचणार होता, म्हणून तेही आले. या भांडवलापलीकडे लागणाऱ्या खर्चाचा मोठा हिस्सा बाजारातून, करमुक्त रोखे विकून उभा करायचा. १९ जुलै १९९० रोजी कंपनीची नोंदणी झाली, १५ सप्टेंबरला रोह्याला पायाभरणी झाली. प्रमुख म्हणून आले ई. श्रीधरन, रेल्वे बोर्डातून नुकतेच निवृत्त झालेले.

कंपनी असण्याचा फायदा इथे दिसला. रोहा ते मंगळूरजवळचं ठोकूर या सुमारे ७४० किलोमीटरचे सात भाग पाडले, प्रत्येकावर एक मुख्य अभियंता बसवला आणि त्याला जागेवर निर्णय घ्यायचा अधिकार दिला. फाईल दिल्लीला पाठवायची नाही. जमिनी गेल्या त्या चाळीस हजारांहून जास्त खातेदारांच्या. कोकणात खातं म्हणजे काय ते तुम्हाला माहीत असेल: एका सातबाऱ्यावर वीस नावं, त्यातली बारा मुंबईत. तरीही बहुतेक ठिकाणी जमीन वर्षभरात ताब्यात आली, कारण अधिकारी वाडीवाडीत जाऊन बसले आणि लोकांनाही रेल्वे हवी होती. घर, कलमं, पिढ्यांचं कुळागर (नारळी-पोफळीची बाग) जाऊनही ज्यांनी सह्या केल्या, त्यांचा या रेल्वेत भांडवल घालणाऱ्यांइतकाच वाटा आहे असं मी मानतो.

आता ज्या निर्णयामुळे हा मार्ग आज आहे तसा आहे, त्याबद्दल जरा सविस्तर सांगतो. बोरघाटात चढ ३७ ला १ आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर. म्हणून कर्जतला गाडीच्या मागे जादा इंजिनं जोडावी लागतात. कोकण रेल्वेवर हा चढ कुठेही १५० ला १ पेक्षा जास्त ठेवायचा नाही असं ठरलं. वळणाची त्रिज्या १२५० मीटरपेक्षा कमी नको, म्हणजे ताशी १६० किलोमीटर वेगाचा विचार करून आखणी. स्वस्तातला मार्ग डोंगराला वळसे घालत, वर-खाली करत गेला असता. इथे मात्र डोंगर आला की बोगदा आणि दरी आली की पूल. त्यामुळे नव्वदीच्या घरात बोगदे झाले, एकूण लांबी ८० किलोमीटरच्या वर, आणि लहान-मोठे मिळून सुमारे दोन हजार पूल. रत्नागिरीजवळचा करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा आहे. २०१३ मध्ये काश्मिरातला पीर पंजाल बोगदा सुरू होईपर्यंत तो देशातला सर्वांत लांब रेल्वे बोगदा होता. पानवल नदीवरचा पूल ६४ मीटर उंच आहे. त्याचा गर्डर एका टोकाला ओतून दरीवर थोडा थोडा पुढे ढकलत नेला, ही पद्धत आपल्याकडे तेव्हा नवी होती. होन्नावरजवळचा शरावतीवरचा पूल दोन किलोमीटरचा.

कातळ फोडायला स्वीडनहून यंत्रं आणली आणि कठीण दगडात काम भराभर सरकलं. खरा छळ केला तो मऊ मातीने. गोव्याच्या हद्दीतल्या पेडण्याच्या बोगद्यात जांभ्याखाली पाण्याने भिजलेली चिकणमाती लागली. खणलेली जागा रात्रीतून पुन्हा भरून यायची, छत खाली यायचं. तिथे माणसं गेली. सगळा मार्ग तयार होऊन पेडण्यासाठी थांबला होता. हा शेवटचा दुवा जोडला गेला आणि २६ जानेवारी १९९८ रोजी संपूर्ण मार्ग वाहतुकीला खुला झाला. रत्नागिरी स्थानकाजवळ या बांधकामात जीव गमावलेल्या कामगारांचं स्मारक आहे. कधी उतरलात तर बघून या. फार थोडे प्रवासी तिथे जातात, याचं मला वाईट वाटतं.

गोव्यातला विलंब फक्त मातीमुळे नव्हता. तिथे आखणीलाच मोठा विरोध झाला. किनाऱ्याजवळच्या खाजण जमिनी (भरतीचं पाणी बांधांनी आवरून कसलेली शेतं), दाट वस्ती, जुन्या गोव्याची वारसास्थळं वाचवायला मार्ग पूर्वेकडे डोंगराच्या बाजूने न्यावा अशी मागणी होती. १९९३ मध्ये काही महिने काम थांबलं, न्यायमूर्ती ओझा यांचा आयोग नेमला गेला आणि शेवटी मूळ आखणीच कायम राहिली. विरोधकांना विकासाचे शत्रू ठरवणं तेव्हा सोपं होतं. मला त्यांचा खाजणांबद्दलचा मुद्दा आजही बिनतोड वाटतो. भरतीच्या पाण्याचं हजारो वर्षं जुळवलेलं गणित भरावाने बिघडू शकतं.

मंगळूर-उडुपी हा तुकडा मार्च १९९३ मध्येच सुरू झाला होता, रोहा-वीर त्याच वर्षी जूनमध्ये. पूर्ण मार्ग झाल्यावर मुंबई-मंगळूर हे रेल्वेचं अंतर २०४१ किलोमीटरवरून ९१४ वर आलं. खर्च मात्र हजार कोटींच्या अंदाजावरून व्याजासकट साडेतीन हजार कोटींच्या घरात गेला.

कंपनीचा तोटा इथून पुढे दिसायला लागतो. रोख्यांचं व्याज कंपनीच्या डोक्यावर, आणि मालवाहतूक अपेक्षेइतकी नाही. ही उत्पन्नाची तूट भरायला भाडं आकारताना अंतर प्रत्यक्षापेक्षा जास्त धरायची सवलत दिली गेली: प्रवाशांसाठी ४० टक्के, मालासाठी ५० टक्के. म्हणजे कोकणी माणूस रत्नागिरी-कुडाळ जातो तेव्हा तो न कापलेल्या किलोमीटरचेही पैसे देतो. देशाला दक्षिणोत्तर जवळचा रस्ता मिळाला आणि त्याच्या कर्जाचा भार तिकिटातून स्थानिकांवरही आला, हे मला कधीच पटलेलं नाही. कंपनीने उत्पन्नासाठी हातपाय मारले हेही खरं. १९९९ पासून कोलाड ते वेर्णा रो-रो सुरू झाली. भरलेले ट्रक सरळ सपाट वॅगनवर चढतात, ड्रायव्हर-क्लीनर आपल्याच केबिनमध्ये बसून येतात, आणि महामार्गावरचं तेवढं डिझेल आणि अपघाताची जोखीम वाचते. डोंगरात काम करायचं जे कसब इथे कमावलं, त्यावर बाहेरची कामंही मिळाली. काश्मिरातल्या चिनाब नदीवरचा, पात्रापासून ३५९ मीटर उंच पूल कोकण रेल्वेच्याच देखरेखीखाली उभा राहिला.

बांधकामातल्या घाईची किंमत पावसाने वसूल केली. मार्गासाठी उभे कापलेले डोंगर कोकणातल्या पावसात सुटू लागले. २२ जून २००३ रोजी वैभववाडीजवळ कारवारहून मुंबईला येणारी सुट्टीची खास गाडी दरडीवर आदळली, पन्नासहून अधिक माणसं गेली. वर्षभरात, जून २००४ मध्ये, करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्सप्रेसला तसाच अपघात झाला. त्यानंतर कापांचा उतार कमी केला, जाळ्या लावल्या, गवत लावलं, धोक्याच्या जागी चोवीस तास पहारा बसवला. पावसाळी वेळापत्रक असतं ते म्हणूनच. गाड्या त्या काळात उशिरा पोचतात अशी तक्रार ऐकली की मला अंधारात, मुसळधार पावसात विजेरी घेऊन रुळावरून चालणारा गस्तीवाला आठवतो. सावकाश जायला हरकत नसावी.

मोठी अडचण उरते ती एकेरी मार्गाची. रोहा-वीर हा ४६ किलोमीटरचा टप्पा २०२१ मध्ये दुहेरी झाला, पुढचा जवळजवळ सगळा मार्ग एकेरीच आहे. कडवई, खारेपाटण अशी नवी क्रॉसिंग स्थानकं करून थोडी जागा काढली, २०२२ मध्ये विद्युतीकरण पूर्ण झालं. पण समोरून राजधानी येत असेल तर दिवा-सावंतवाडी गाडीला बाजूला उभं राहावंच लागतं. गणपतीत जादा गाड्या सोडल्या तरी त्या धावणार त्याच एका रुळावरून. इतर ठिकाणी दुहेरीकरणाला रेल्वे अर्थसंकल्पातून पैसा मिळतो, इथे वेगळी कंपनी असल्यामुळे तो सहज मिळत नाही. ज्या रचनेने सात-आठ वर्षांत रेल्वे आणली, त्याच रचनेने पुढे तिची वाढ अडवून धरली.

म्हणून भारतीय रेल्वेत विलीनीकरणाची मागणी होती. गोवा, कर्नाटक आणि केरळनंतर मे २०२५ मध्ये महाराष्ट्रानेही संमती दिली. गुंतवलेले पैसे परत मिळावेत आणि 'कोकण रेल्वे' हे नाव कायम राहावं या अटींवर. माझं मत विलीनीकरणाच्या बाजूने आहे, पण एका गोष्टीकडे लक्ष ठेवायला हवं. आज या मार्गाचं मुख्यालय बेलापूरला आणि विभागीय कार्यालयं रत्नागिरी आणि कारवारला आहेत. दरड कोसळली की निर्णय इथल्या इथे होतो. विलीनीकरणानंतर हा मार्ग तीन-चार झोनमध्ये वाटून टाकला, तर वीर, मडगाव आणि ठोकूर यांचे मालक वेगळे होतील. मार्ग अखंड ठेवून त्याचा स्वतंत्र विभाग करावा आणि वीरच्या पुढच्या दुहेरीकरणाला पहिल्याच अर्थसंकल्पात रक्कम धरावी, अशी मागणी आत्ताच आपल्या खासदारांकडे लावून धरली पाहिजे.