वडिलांचा पॉलिप निघाला, पण आधी ताईंना दाखवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडील ५८ वर्षांचे, कोलोनोस्कोपीत (गुदद्वारातून कॅमेऱ्याची नळी घालून मोठं आतडं बघतात ती) १४ मिलिमीटरचा पॉलिप निघाला, तपासणीत 'ट्यूब्युलोव्हिलस अडेनोमा' (पॉलिपचा एक प्रकार) आला, कॅन्सर नाही. तुम्ही ३६ चे, काही त्रास नाही. ताई ४२ च्या, त्यांना अधूनमधून शौचाला रक्त पडतं, पण 'मूळव्याध असेल' म्हणून विषय तिथेच थांबलाय. तर तुम्ही नुसती स्टूल टेस्ट केली तर चालेल का?

मी डॉक्टर नाही. ५२ व्या वर्षी माझा १२ मिलिमीटरचा अडेनोमा काढला आणि पुढे दोनदा पुन्हा नळी घालून झाली, तेवढ्या शिदोरीवर लिहितोय.

तुम्ही स्वतःचं विचारलंय, पण पहिला नंबर ताईंचा. मीही दोन वर्षं मूळव्याधीचं मलम लावत बसलो होतो. गंमत म्हणजे मूळव्याध खरंच होती! पण ती असली म्हणून वर आतड्यात दुसरं काही नाही, असं थोडंच आहे? रक्त कुठून येतंय हे आत बघितल्याशिवाय कळत नाही.

आता वडिलांच्या रिपोर्टचं. 'पॉलिप' या शब्दावरून काहीच ठरत नाही. आतड्याच्या अस्तरावर आलेला कोंब, एवढाच त्याचा अर्थ. गुदाशयातला बारीक हायपरप्लास्टिक पॉलिप बहुधा निरुपद्रवी असतो. अडेनोमा मात्र कॅन्सरच्या आधीची पायरी. बहुतेक अडेनोमा ती पायरी कधीच चढत नाहीत, आणि जे चढतात त्यांनाही साधारण दहा वर्षं लागतात. म्हणून तर वेळेत सापडला तर तारेच्या फासात धरून तिथल्या तिथे कापता येतो. तिसरा प्रकार सेरेटेड, म्हणजे करवतीच्या दात्यांसारखा. त्यातले काही चपटे, उजव्या बाजूला लपलेले आणि वर चिकट थर घेऊन बसलेले असतात. सराईत डोळ्यांनाही ते चुकवतात.

वडिलांच्या कागदावर दोन खुणा आहेत: १० मिलिमीटरच्या वरचा आकार आणि 'व्हिलस', म्हणजे बोटांसारख्या झालरीचा भाग. अशाला 'अ‍ॅडव्हान्स्ड अडेनोमा' म्हणतात. शब्द ऐकून घाबरू नका, कॅन्सर पसरलाय असा त्याचा अर्थ नाही. पण आई-वडील किंवा भावंडांपैकी कोणाला साठीच्या आत असा निघाला, तर अमेरिकी मार्गदर्शक सूचनांप्रमाणे बाकीच्यांनी चाळिसाव्या वर्षी, किंवा त्या माणसाच्या तेव्हाच्या वयाच्या दहा वर्षं आधी, यातलं जे लवकर येईल तेव्हा कोलोनोस्कोपी करायची. ५८ वजा १० म्हणजे ४८, म्हणून तुमच्याकडे चाळिशी लागू. तुमच्या हातात चार वर्षं आहेत. ताई त्या रेषेच्या दोन वर्षं पुढे गेल्यात, आणि वर रक्तही पडतंय.

स्टूल टेस्ट, म्हणजे फिट, शौचातलं माणसाचं रक्त शोधते. मांसाहार बंद करावा लागत नाही, स्वस्त आहे, कॅन्सर पकडायला चांगली आहे. पण पॉलिप रक्त सोडत नसेल तर तिला दिसणार कसा? बरेचसे पॉलिप सोडतच नाहीत. आणि ताईंना तर रक्त डोळ्यांनी दिसतंय, तिथे ही टेस्ट करून काय मिळवणार? आपल्याकडे सरकारी तपासणी तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांच्या कॅन्सरची होते, आतड्याचं बोलावणं कोणी धाडत नाही. आपणच उठून जायचं.

धोका वाढवणाऱ्या गोष्टी: वय, घराणं, सिगारेट, दारू, सुटलेलं पोट, मधुमेह, लाल आणि प्रक्रिया केलेलं मांस, जुना अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याला सूज आणि व्रण येण्याचा आजार). 'आम्ही पिढ्यान्‌पिढ्या शाकाहारी' हा युक्तिवाद माझ्यापुढे नको. मीही शाकाहारीच, पण वीस वर्षं सिगारेट ओढली. नात्यात कोणाला डझनांनी पॉलिप निघाले असतील किंवा तरुणपणी आतड्याचा वा गर्भाशयाचा कॅन्सर झाला असेल, तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. मग जनुकीय तपासणीचा विचार होतो.

कोलोनोस्कोपीची खरी परीक्षा आदल्या दिवशीची, पोट साफ करण्याची. दुसऱ्या वेळी भूल हलकी होती, पडदा समोरच होता. दोन दिवस आधी खाल्लेल्या पेरूच्या बिया भिंतीला चिकटून बसलेल्या मी स्वतः पाहिल्या. डॉक्टर पाणी मारून थकले. 'नीट दिसलं नाही, वर्षभरात पुन्हा या' असा शेरा मिळाला, खर्च दुप्पट. तेव्हा दोन-तीन दिवस आधीपासून भाकरी, मोड आलेली कडधान्यं, पालेभाजी, बियांची फळं बंद. मऊ भात आणि मुगाच्या डाळीचं पाणी चालतं. आदल्या दिवशी शहाळं, गाळलेलं लिंबूपाणी, कोरा चहा; लाल-जांभळं सरबत नको, आत रक्तासारखं दिसतं. पोट साफ करायच्या औषधाचं पाणी अर्धं रात्री, अर्धं पहाटे प्या. गार करून प्यायलं की घशाखाली उतरतं. शेवटी पिवळसर स्वच्छ पाणी पडायला लागलं की समजा झालं.

ताईंच्या अपॉइंटमेंटला वडिलांच्या हिस्टोपॅथॉलॉजी रिपोर्टची (काढलेला पॉलिप सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्याचा कागद) झेरॉक्स न्या. डिस्चार्ज कार्डावरच्या 'पॉलिप काढला' एवढ्या ओळीवरून डॉक्टरांना आकारही कळत नाही आणि प्रकारही. ताईंना रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. आणि लोहाच्या गोळ्या चालू असतील तर तारीख घेतानाच सांगा. साधारण आठवडाभर आधी त्या थांबवायला सांगतात, नाहीतर आत सगळं काळं चिकट राहतं.