आधी विचार, मग टोच

प्रिय पोरी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. तुझ्या वॉर्डातला चौदा वर्षांचा मुलगा. सलाईनची सुई लावताना तू म्हणालीस, 'मुंगी चावल्यासारखं वाटेल'. त्याने हात ओढून घेतला, आई 'एवढा घोडा झालास' म्हणून ओरडली, चौघांनी धरून सुई लावली आणि तेव्हापासून तो तुझ्याशी बोलत नाही. 'माझं काय चुकलं?' म्हणतेस. मुंगी चुकलीच, पण ती किरकोळ. त्याला नेमकं काय नकोसं वाटतंय हे तू विचारलंच नाहीस.

वेळ नव्हता हे मला सांगू नकोस. चौघांनी धरायला वेळ होता.

रागावले, पण मी काही वेगळी नव्हते. असाच एक मुलगा होता, पाठीतलं पाणी काढायचं होतं. कुशीवर झोपून गुडघे पोटाशी घ्यायचे, तर हा लाकडासारखा ताठ. मी आपली 'काही होत नाही रे' म्हणत राहिले. तीन वेळा टोचावं लागलं. रात्री चादर सारखी करायला गेले तर पांघरुणाखाली पायाची बोटं हलवत पडलेला. म्हणाला, 'सिस्टर, हे हलतायत ते असंच राहील ना?' मणक्यात सुई गेली की माणूस लुळा होतो, असं त्याच्या डोक्यात बसलेलं. मज्जारज्जू कमरेच्या वरच संपतो, सुई त्याच्या खाली घालतात, तिथे पाण्यात सुटे मज्जातंतू असतात, ते सहसा सुईपासून बाजूला सरकतात. एवढं सांगायला अर्धं मिनिट लागलं. सकाळी विचारलं असतं तर सकाळीच सांगितलं असतं. अजून ती बोटं दिसतात मला.

म्हणून विचार. पण 'घाबरलास का?' असं नको. या वयाचं कुठलं पोर हो म्हणेल, तेही आईसमोर? आईला पाणी आणायला पाठव आणि म्हण, 'यातलं सगळ्यात नकोसं काय वाटतंय?' मग गप्प बस. हे गप्प बसणं आपल्याला जमत नाही. दुखण्याबद्दल आपण तासभर बोलू, आणि एखाद्या मुलीला चिंता असते गाऊन मागून उघडा राहील याची.

आणखी एक गोष्ट विचारून घे: आधी कधी सुई टोचताना चक्कर आली होती का? मी वर्षानुवर्षं सगळ्यांना 'अंग सैल सोड, मोठा श्वास घे' सांगत आले. ज्यांना रक्त बघून भोवळ येते त्यांचा रक्तदाब घसरतो. त्यांना सैल सोडायला सांगणं म्हणजे उलटच. त्यांना आडवं करायचं आणि मांड्या, पोट दहा-पंधरा सेकंद आवळायला लावायचं, मग वीस-तीस सेकंद सोडायचं, असं चार-पाचदा. सुईचा हात मात्र सैल. विचारल्याशिवाय यातला कोण, हे तुला कळणार कसं? बधिर करायच्या मलमाचंही तेच. ते तासभर आधी लावावं लागतं. ट्रे घेऊन उभं राहिल्यावर विचारून काय उपयोग?

आणि खोटं विचारू नकोस. 'टोचू का?' हा प्रश्न नव्हे, तो नाही म्हणाला तरी तू टोचणारच आहेस. डावा हात की उजवा, बघायचंय की तोंड फिरवायचंय, हे खरे प्रश्न.

मला या विचारण्यापायी 'हिच्यामुळे खोळंबा होतो' असं ऐकावं लागलं, एकदा लेखी खुलासाही द्यावा लागला. त्यात मी संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क कराराचं बारावं कलम लिहून दिलं: मुलाशी संबंधित गोष्टीत त्याचं म्हणणं ऐकून घ्यायचं. शहाणपणा करते म्हणाले. असेन. तो खुलासा आज लिहायला सांगितला तरी तसाच लिहीन. त्या ताठ पडलेल्या पोराला तीनदा टोचलं तेव्हा कुणी खुलासा मागितला नव्हता.

तुझ्या त्या पेशंटची सुई बदलायची वेळ येऊ शकते. त्याआधी जा, ट्रे दाराबाहेर ठेव, खुर्ची ओढून बस. मुंगीबद्दल माफी माग, लांबण न लावता. मग विचार. 'काही नाही' म्हणेल. म्हणू दे. संध्याकाळी परत जा आणि परत विचार.

काय म्हणाला ते कळव.

तुझी,
सिस्टर