‘वितंडवाद’ : वाद की वितंडा?

प्रश्न असा आहे : न्यायशास्त्रात, म्हणजे तर्क आणि चर्चा यांच्या प्राचीन भारतीय शास्त्रात, वाद आणि वितंडा हे चर्चेचे दोन वेगळे प्रकार मानले असतील, तर ‘वितंडवाद’ हा जोडशब्द मुळातच चुकीचा नाही का? आणि सभेत सतत शंका काढणाऱ्या माणसाला वितंडवादी म्हणणे बरोबर आहे का?

पहिल्या शंकेला आधार आहे. गौतमाच्या न्यायसूत्रांत, पहिल्या अध्यायाच्या दुसऱ्या आह्निकाच्या (उपविभागाच्या) आरंभीच, वाद, जल्प आणि वितंडा यांची लक्षणे ओळीने दिली आहेत. प्रमाण आणि तर्क यांच्या आधारे, सत्य कळावे म्हणून दोन पक्ष जी चर्चा करतात तो वाद. जिंकण्यासाठी छल म्हणजे शब्दांचा अर्थ फिरवणे, जाती म्हणजे फसवे प्रत्युत्तर, अशी साधनेही जिथे वापरली जातात तो जल्प. आणि ज्या जल्पात स्वतःचा पक्ष मांडलेलाच नसतो, केवळ समोरच्याचे खंडन असते, ती वितंडा. या परिभाषेत वितंडा हा वादाचा प्रकार होऊच शकत नाही.

मात्र चरकसंहिता या आयुर्वेदाच्या ग्रंथातल्या ‘विमानस्थान’ नावाच्या भागात, जिथे वैद्यांनी आपसांत चर्चा कशी करावी हे सांगितले आहे, तिथे मांडणी निराळी आहे. शास्त्राला धरून प्रतिपक्षाशी केलेल्या विरोधी चर्चेला चरक वाद म्हणतो आणि त्याचेच जल्प व वितंडा असे दोन भेद करतो. परपक्षाचे केवळ दोष दाखवणे, एवढीच त्याची वितंडेची व्याख्या आहे. त्यामुळे ‘वितंडारूप वाद’ असा विग्रह करून ‘वितंडवाद’ हा शब्द निःशंकपणे वापरता येतो. शिवाय मराठीत ‘वाद’ या शब्दाचा अर्थ पुष्कळ आधीच भांडणाकडे सरकलेला आहे. रामदासांनी मनाच्या श्लोकांत वाद तुटावा आणि संवाद व्हावा असे म्हटले, तेव्हा त्यांच्यासमोर न्यायशास्त्रातला वाद नव्हता.

दुसरा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण तिथे शब्दाच्या चुकीच्या वापराने माणसावर अन्याय होतो. आमच्या सोसायटीच्या एका सभेत घरकामाला येणाऱ्या मावशींना लिफ्ट वापरू द्यावी का, हा विषय निघाला. एक सभासद म्हणाले, “लिफ्टचा खर्च आपण भरतो, म्हणून ती आपणच वापरायची.” त्यावर एका ताईंनी विचारले, “मग आपल्याकडे येणारे पाहुणे कुठे खर्च भरतात? त्यांना आपण जिन्याने पाठवतो का?” लगेच मागून आवाज आला, “आता वितंडवाद नको!”

तो वितंडवाद नव्हता. ‘आपण खर्च भरतो’ ही वस्तुस्थिती आहे. तिच्यावरून ‘इतरांना मनाई करावी’ या कर्तव्याच्या विधानापर्यंत जायचे, तर ‘जो भरेल त्यानेच वापरावे’ हा नियम मध्ये मानावा लागतो. ताईंनी नेमका तो न बोललेला नियम उघडा केला आणि तो आपणच पाळत नाही हे दाखवले. खर्च न भरणारेही लिफ्ट वापरतात हे सगळ्यांना मान्य असेल, तर दिलेला हेतू (कारण) साध्याला, म्हणजे सिद्ध करायच्या गोष्टीला, सोडून भरकटतो. नैयायिक, म्हणजे न्यायशास्त्राचे पंडित, अशा हेतूला सव्यभिचार म्हणतात, आणि पाच हेत्वाभासांत (सदोष हेतूंत) त्याची गणना पहिली आहे. नीतीच्या प्रश्नात इतके स्वच्छ खंडन क्वचित ऐकायला मिळते. पुढे ताईंनी आपला पक्षही मांडला : सातव्या मजल्यावर कामाला बोलावतो, तर तिथवर पोहोचण्याची सोयही आपणच द्यायला हवी. हा पक्ष कोणी नाकारू शकेल, पण तो मांडलाच नव्हता असे म्हणता येणार नाही.

त्याच सभेत थोड्या वेळाने वितंडाही झाली. एक गृहस्थ प्रत्येक सूचनेवर आक्षेप घेत होते. मावशींना मुभा देण्याला त्यांचा विरोध होता आणि मनाईच्या ठरावालाही. “मग तुमचे म्हणणे काय?” असे तीनदा विचारूनही उत्तर आले नाही. ‘मुभा’ म्हणजे ‘वाट्टेल तेव्हा, वाट्टेल तितके’ असा अर्थ त्यांनी काढला, तो तर सरळ छल. ‘नवकंबल’ म्हणजे नवे कांबळे असे वक्त्याला म्हणायचे असताना ऐकणाऱ्याने नऊ कांबळी मोजायला लागावे, हे वाक्‌छलाचे परंपरागत उदाहरण मराठी माणसाला न समजावताच कळते, कारण ‘नव’चे दोन्ही अर्थ आपल्याकडे आहेत. आपल्या ‘शब्दच्छल’ या शब्दातला छल तो हाच.

स्वतःचा पक्ष न मांडणे हा मात्र नेहमीच दोष नसतो, हेही नोंदवले पाहिजे. माझी काही प्रतिज्ञाच, म्हणजे सिद्ध करायचे विधानच, नाही, असे बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुनाने ‘विग्रहव्यावर्तनी’ या ग्रंथात स्पष्ट म्हटले आहे, आणि त्याला हुज्जतखोर ठरवून कोणाला सुटता आलेले नाही. म्हणून सभेत ‘वितंडवाद’ हा शब्द उच्चारण्यापूर्वी दोन गोष्टी पाहाव्यात : बोलणारा शब्दांचे अर्थ मुद्दाम फिरवतो आहे का, आणि त्याचे म्हणणे विचारल्यावर तो ते टाळतो आहे का. आवाज चढलेला असेल, पण यांपैकी काहीच नसेल, तर त्याला ‘हुज्जत’ किंवा नुसते ‘भांडण’ म्हणावे. आणि आवाज शांत असून या दोन्ही गोष्टी असतील, तर ‘वितंडवाद’ हाच नेमका शब्द आहे.