व्ही-सिक्स की सरळ सहा? कोन, लांबी आणि मागची बँक

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वापरलेल्या दोन गाड्या पाहून ठेवल्या आहेत, एक स्कोडा सुपर्ब ३.६ आणि दुसरी होंडा अकॉर्ड ३.५. दोन्ही पेट्रोल, दोन्ही सहा सिलिंडरच्या. ओळखीचा मेकॅनिक म्हणतो, व्ही-सिक्सच्या नादी लागू नका, सहा सिलिंडर हवेच असतील तर बीएमडब्ल्यूसारखे एका रांगेतले घ्या. मर्सिडीजसुद्धा परत तिकडेच गेली. मग व्ही-सिक्स हे मुळातच फसलेलं डिझाइन आहे का?

फसलेलं अजिबात नाही. पण तुमचा मेकॅनिक उगाच बोलत नाहीये. व्ही-सिक्स, म्हणजे सहा सिलिंडर तीन-तीनच्या दोन रांगांत व्ही आकारात बसवलेलं, हे जागेसाठी जन्माला आलेलं इंजिन आहे. लांबी वाचवायची म्हणून सरळ सहाचा, म्हणजे सहाही सिलिंडर एका रांगेत असणाऱ्या इंजिनाचा, शांतपणा सोडला, आणि तो परत मिळवायला तेव्हापासून आजपर्यंत इंजिनियर डोकं लावतायत. ही देवाणघेवाण एकदा कळली की कोणती गाडी घ्यायची आणि ती घेण्याआधी कुठे हात घालून बघायचं, दोन्ही आपोआप कळतं.

सरळ सहामध्ये पहिला आणि सहावा पिस्टन एकत्र वर-खाली होतात, दुसरा-पाचवा एकत्र, तिसरा-चौथा एकत्र. म्हणजे पुढचे तीन आणि मागचे तीन एकमेकांची आरशातली प्रतिमा. पुढच्या तिघांनी इंजिनाचं नाक वर उचलायला जोर लावला की मागचे तिघं तेवढाच उलटा जोर लावतात. पिस्टनच्या जाण्यायेण्याने होणारे मुख्य हादरे आणि त्यांच्या दुप्पट गतीचे हादरेसुद्धा जागच्या जागी मिटतात. हादरे मिटवायला फिरणारा वेगळा वजनदार दांडा, म्हणजे बॅलन्स शाफ्ट, लागत नाही. बीएमडब्ल्यू ही रचना का सोडत नाही, ते यातच आलं.

व्ही-सिक्समध्ये तीन-तीन सिलिंडरच्या दोन बँका, म्हणजे रांगा, शेजारी शेजारी. तीन सिलिंडरच्या इंजिनात वर-खाली जोर मिटतो, पण इंजिन पुढून मागे डोलत राहतं, कारण पहिल्या सिलिंडरला उत्तर द्यायला पलीकडे आरशातला जोडीदार नसतो. असे दोन डोलणारे एकाच क्रँकवर (पिस्टन ज्याला फिरवतात त्या मुख्य दांड्यावर) बसवले की कोनाप्रमाणे ते डोलणं कमी-जास्त होतं, पण सरळ सहासारखं साफ नाहीसं होत नाही. त्याच्या बदल्यात मिळतं काय? जेमतेम तीन सिलिंडरच्या लांबीचं इंजिन. क्रँकही आखूड आणि ताठ, त्याला पेलणारी मेन बेअरिंग सातऐवजी चार.

आता कोनाकडे येऊ. चार स्ट्रोकला क्रँकचे दोन फेरे, म्हणजे ७२० अंश. सहाने भागले की १२०. दर १२० अंशांनी एक सिलिंडर पेटला तरच इंजिन सारखं चालतं. समोरासमोरच्या दोन सिलिंडरचे रॉड (पिस्टन क्रँकला जोडणारे दांडे) एकाच क्रँकपिनवर, म्हणजे क्रँकवरच्या एकाच खुंटीवर, बसवायचे तर बँकांमध्ये १२० अंशांचा कोन हवा. पण एवढं पसरट इंजिन साध्या गाडीच्या बॉनेटखाली मावत नाही. मग कोन ६० करायचा आणि प्रत्येक रॉडला स्वतःची पिन द्यायची, दोन पिनांमध्ये ६० अंशांचं अंतर ठेवून. हाच तो प्रसिद्ध ६० अंशांचा व्ही-सिक्स. डोलणंही यात इतकं आटोक्यात राहतं की बॅलन्स शाफ्टशिवाय भागतं.

हा हिशेब पहिल्यांदा नीट बसवून कारखान्यातून नियमित गाड्या बाहेर काढल्या त्या इटलीच्या लान्चियाने. १९५०च्या तुरिन प्रदर्शनात त्यांची ऑरेलिया आली, १७५४ सीसीचं अॅल्युमिनियमचं इंजिन घेऊन. विभागाचे प्रमुख होते विट्टोरिओ यानो, पण व्ही-सिक्सच्या कंपनांचा खरा अभ्यास केला तो फ्रान्चेस्को दे विर्जिलिओ यांनी. संगणक नसताना, कागदावर. यांचं नाव फारसं कोणी घेत नाही, म्हणून मुद्दाम लिहितोय. होंडाचं जे-सिरीज, निसानचं व्हीक्यू, अल्फा रोमिओचं बुसो, सगळी ६० अंशांची, सगळी याच वाटेने आली. तुमच्या अकॉर्डमध्ये जे-सिरीजच आहे.

मग ९० अंशांचे व्ही-सिक्स कुठून आले? व्ही-एट इंजिनाला ९० अंशांचा कोन अगदी चपखल बसतो. ज्यांच्याकडे व्ही-एटची यंत्रसामग्री तयार होती, त्यांनी त्याच लाइनवर दोन सिलिंडर कमी करून व्ही-सिक्स काढले. यातली अमेरिकेच्या ब्यूइकची हकीकत सगळ्यात शिकवणारी. १९६२मध्ये त्यांनी असंच ९० अंशांचं इंजिन ब्यूइक स्पेशलमध्ये दिलं, रॉड जोडीजोडीने एकाच पिनवर. परिणाम असा की एक सिलिंडर पेटल्यावर पुढचा ९० अंशांनी, त्याच्या पुढचा १५० अंशांनी, पुन्हा ९०, पुन्हा १५०. आयडलिंगला ते इंजिन लंगडत असे. १९६७मध्ये ब्यूइकची मालक कंपनी जनरल मोटर्सने त्याची सगळी यंत्रं कायझर जीपला विकून टाकली. मग १९७३चं तेलसंकट आलं, लहान इंजिनाची गरज पडली, आणि १९७४मध्ये तीच यंत्रं परत विकत घेतली. १९७७ला क्रँकपिन मधोमध दुभागून दोन अर्ध्या भागांत ३० अंशांचा फरक दिला. ९० अधिक ३०, झाले १२०. लंगडणं थांबलं. ज्या इंजिनाला एकदा घराबाहेर काढलं होतं, त्याचा वंश पुढे ३८०० या नावाने २००८पर्यंत चालला.

पिना दुभागल्या तरी ९० अंशांच्या इंजिनात डोलणं थोडं उरतंच. म्हणून मर्सिडीजने १९९७च्या सुमारास सरळ सहा सोडून एम-११२ हा ९० अंशांचा व्ही-सिक्स आणला, तेव्हा दोन बँकांच्या मध्ये क्रँकच्या उलट फिरणारा बॅलन्स शाफ्ट घातला. ऑडीच्या ३.० टीडीआय डिझेलमध्येही ९० अंश आणि बॅलन्स शाफ्ट हीच जोडी आहे. जॅग्वारचा ३.० सुपरचार्ज्ड व्ही-सिक्स तर व्ही-एटच्याच ब्लॉकमध्ये केलेला, शेवटची दोन सिलिंडरची जागा रिकामी ठेवून. चालायला सुरेख, पण लांबी व्ही-एटएवढीच. ज्या एका फायद्यासाठी व्ही-सिक्स करायचा तोच हातचा गेला, हे मला पटत नाही.

मर्सिडीज परत का फिरली, ते इथे सांगतो. व्ही-सिक्सला दोन सिलिंडर हेड, सहसा चार कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारे दांडे), दोन एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, दोन्हीकडे धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. टर्बो आले, प्रदूषणाचे नियम कडक झाले, तशी ही दुहेरी सामग्री महाग पडू लागली. सरळ सहामध्ये सगळी गरम बाजू एकीकडे येते, टर्बोपासून कन्व्हर्टर हातभर अंतरावर, तो लवकर तापतो. शिवाय साधारण ५०० सीसीचा एकच सिलिंडर ठरवून त्यावर चार आणि सहा सिलिंडरची इंजिनं एकाच लाइनवर काढता येतात. २०१७च्या एम-२५६मध्ये मर्सिडीजने ४८ व्होल्टची यंत्रणा देऊन एसी, पंप वगैरे फिरवणारे समोरचे पट्टेच काढून टाकले, त्यामुळे लांबीही आटोक्यात आली. लँड रोव्हर, माझदा यांचंही नंतर तेच गणित झालं. पण या गाड्यांत इंजिन उभं बसतं, म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेने. पुढची चाकं ओढणाऱ्या आणि इंजिन आडवं असणाऱ्या गाडीत सरळ सहा बसवायला दोन चाकांमध्ये सहसा जागाच नसते. अकॉर्डसारख्या गाड्यांना सहा सिलिंडर मिळाले ते व्ही-सिक्समुळेच. खरे १२० अंशांचे व्ही-सिक्सही आता आलेत, फेरारी २९६ आणि मॅकलारेन आर्टुरामध्ये. तिथे इंजिन ड्रायव्हरच्या मागे असतं, रुंदी चालते, आणि दोन्ही टर्बो मधल्या खोबणीत मावतात.

आता तुमच्या दोन गाड्या.

सुपर्ब ३.६च्या पाठीवर व्ही-सिक्स अशी पाटी असली तरी आत आहे ते फोक्सवॅगनचं व्हीआर-सिक्स. १९९१मध्ये पहिलं आलं तेव्हा कोन होता १५ अंश, तुमच्या ३.६मध्ये १०.६. सिलिंडर इतके जवळजवळ की सगळ्यांवर एकच हेड, क्रँकला सात मेन बेअरिंग, फायरिंग ऑर्डर सरळ सहाचीच: १-५-३-६-२-४. म्हणजे नागमोडी रांगेतलं सरळ सहाच म्हणा. आडवं बसवता यावं म्हणून केलेली ही युक्ती मला आजही आवडते. २६० पीएस, ३५० न्यूटन-मीटर, चारही चाकांना ताकद. सहाही प्लग वरून हाताशी, त्यामुळे प्लग-कॉइलचं काम सोपं.

पण टायमिंग चेन, म्हणजे क्रँकवरून कॅमशाफ्ट फिरवणारी साखळी, गिअरबॉक्सच्या बाजूला आहे. चेनचं काम निघालं की गिअरबॉक्स उतरवावा लागतो, आणि इथे तो डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक, असतो, फोर-व्हील-ड्राइव्हच्या जोडणीसकट. मजुरी पार्टपेक्षा भारी पडू शकते. म्हणून मालकाला आधीच सांगा की मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. गेल्यावर बॉनेटला हात लावून थंड आहे ना बघा, मग सेल मारायला लावा आणि गिअरबॉक्सच्या बाजूला कान ठेवा. सुरुवातीचे काही सेकंद साखळी खडखडली आणि मग आवाज दबला, तर चेन किंवा तिला ताणून धरणारा टेन्शनर संशयाच्या जागी धरा. आवाज आला नाही तरी फोक्सवॅगन गटाचं सॉफ्टवेअर असणाऱ्याकडे स्कॅनर लावून कॅमशाफ्टच्या स्थितीचे आकडे वाचून घ्या. चेन ताणली गेली की ते आकडे मर्यादेकडे सरकलेले दिसतात, इंजिन न खोलता. पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये जात असल्याने इंटेक व्हॉल्व्हवर कार्बन साचतो, थंड असताना आयडलिंग उडत असेल तर तेही डोक्यात ठेवा.

अकॉर्डमध्ये चेन नाही, बेल्ट आहे. बेल्ट तुटला तर पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांना भिडतात, म्हणून यात चालढकल नको. या गाड्या आता वयाने इतक्या झाल्या आहेत की मीटरवर किलोमीटर कमी असले तरी रबराचं वय झालेलं असतं. बदलल्याची पावती बघा. पावतीत टेन्शनर आणि वॉटर पंप आहे का तेही बघा, कारण पंप त्याच बेल्टवर फिरतो. या ३.५मध्ये संथ चालीला काही सिलिंडर बंद ठेवण्याची सोय आहे. तेव्हा वाढणारं कंपन गिळायला खास प्रकारचं इंजिन फाउंडेशन (इंजिन ज्यावर टेकतं ते माउंट) दिलेलं असतं आणि ते स्वस्त नाही. एसी चालू, गिअर डीमध्ये, पाय ब्रेकवर, अशा स्थितीत स्टिअरिंग थरथरत असेल तर आधी फाउंडेशन तपासा.

आडव्या व्ही-सिक्सची खरी परीक्षा मागच्या बँकेत असते, जी फायरवॉलकडे तोंड करून बसलेली असते. पुढची बँक सगळेच पुसून चकचकीत ठेवतात. टॉर्च आणि छोटा आरसा घेऊन मागच्या टॅपेट कव्हरच्या खालची कड बघा. पॅकिंग गळत असेल तर ऑइल खाली एक्झॉस्टवर पडतं आणि सिग्नलला उभं राहिलं की जळका वास केबिनमध्ये येतो. काही व्ही-सिक्समध्ये मागचे तीन प्लग काढायला वरचा इंटेक मॅनिफोल्डच उचलावा लागतो, म्हणून पुढचे तीन बदलून मागचे जुनेच ठेवलेल्या गाड्या बाजारात भेटतात. दोन्ही बँकांमधला एकेक प्लग बाहेर काढून शेजारी ठेवायला सांगा. एका बाजूला नवा आणि दुसऱ्या बाजूला झिजलेला निघाला, तर त्या गाडीची सर्व्हिस कशी झाली ते कळलं.

सहा सिलिंडरपैकी एक मिस मारत असेल तर चार सिलिंडरच्या गाडीइतकं जाणवत नाही, हेही लक्षात असू द्या. न जळलेलं पेट्रोल मात्र कन्व्हर्टर जाळतं. चेक-इंजिनचा दिवा उघडझाप करत असेल तर ती टेस्ट ड्राइव्ह तिथेच थांबवा. स्कॅनरवर पी०१७१ हा बिघाडाचा कोड आला तर बँक एकमध्ये पेट्रोल कमी पडतंय, पी०१७४ आला तर बँक दोनमध्ये. दोन्ही एकत्र आले की कारण बहुधा सामाईक असतं: हवा मोजणारा सेन्सर, कुठेतरी हवा खेचली जाणं किंवा इंधनाचा दाब. एकच आला तर त्या बँकेपुरतं शोधा. बँक एक म्हणजे ज्या बाजूला पहिला सिलिंडर आहे ती. हे न बघता उलट्या बाजूचा ऑक्सिजन सेन्सर बदलून बिल लावलेली प्रकरणं माझ्यापर्यंत आली आहेत.

रोजच्या वापराला, एकच गाडी घरात असेल तर, मी अकॉर्ड घेईन. तिच्या बेल्टचं काम कुठलाही चांगला होंडावाला गिअरबॉक्स न उतरवता करू शकतो. सुपर्ब ३.६ आपल्याकडे फार थोड्या विकल्या गेल्या, त्यामुळे इंजिनचे पार्ट मागवून थांबायची तयारी हवी. पण चेनचे आकडे स्वच्छ निघाले, डीएसजीच्या ऑइलच्या पावत्या असल्या आणि तुमचं महिन्यातून दोनदा घाटातून जाणं-येणं असेल, तर सुपर्बचं ते इंजिन घाटात जे सुख देतं ते अकॉर्ड देत नाही. आकडे वाचून घेतले की इथे टाका, मी बघून सांगतो. अकॉर्डच्या बेल्टची पावती मिळाली नाही तर बेल्ट, टेन्शनर, पंप आणि मजुरी यांचं लेखी कोटेशन घ्या आणि तेवढी रक्कम किमतीतून कमी करून मगच बयाणा द्या.