रॅब्डोमायोसार्कोमा: पुन्हा चाकू लावण्याआधी काय, आणि केमोनंतर गावी ताप आला तर काय

राजापूरहून विचारलंय की चार वर्षांच्या भाच्याच्या मांडीतली गाठ साधी समजून काढली, रिपोर्टात रॅब्डोमायोसार्कोमा (स्नायूसारख्या पेशींचा, मुलांत होणारा कर्करोग) आला, आता राहिलेला भाग लगेच काढावा का? आणि मुंबईला केमो घेऊन मधले दिवस त्याला घरी ठेवता येईल का?

लगेच काढू नका. दुसरी शस्त्रक्रिया लागूही शकते, पण ती आधी, केमोच्या मध्ये की नंतर, हे परळच्या टाटा रुग्णालयासारख्या ठिकाणी बालकर्करोगाचे डॉक्टर, सर्जन आणि रेडिएशनवाले मिळून ठरवतात. त्याआधी मांडीचा एमआरआय, छातीचा सीटी किंवा पेट-सीटी आणि बोनमॅरो तपासणी व्हायला हवी. हातापायाच्या गाठीत जांघेतल्या किंवा काखेतल्या लसिका ग्रंथीही तपासतात, कारण तिथे पसरलेला आजार स्कॅनमध्ये सुटू शकतो.

नुसता रिपोर्ट घेऊन जाऊ नका. जिथे तपासणी झाली त्या लॅबकडून पॅराफिन ब्लॉक (काढलेल्या गाठीचा मेणात जपलेला तुकडा) आणि स्लाइड मागून घ्या. डेस्मिन, मायोजेनिन ही स्नायूंची प्रथिनं आणि फॉक्सओ१ हे जनुक यांची तपासणी त्याच ब्लॉकवर होते, आणि उपचार किती कडक द्यायचे ते बरंचसं फॉक्सओ१ वर ठरतं. ब्लॉक नसेल तर पोराची पुन्हा बायोप्सी करायची वेळ येते.

केमो बहुधा व्हिन्क्रिस्टिन, ॲक्टिनोमायसिन आणि सायक्लोफॉस्फमाइड किंवा आयफॉस्फमाइड अशी, तीन-तीन आठवड्यांच्या फेऱ्यांनी चालते. सगळं मिळून साधारण सहा महिने ते वर्ष धरा. रेडिएशन असेल तर सोमवार ते शुक्रवार रोज, कित्येक आठवडे, आणि एवढ्या लहानाला बहुतेकदा भूल देऊनच. त्या काळात मुंबई सोडता येत नाही.

आता घरचं. खरा धोका इथे आहे. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवशी पांढऱ्या पेशी तळाला जातात. न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) ५०० च्या खाली असताना ताप १०१ फॅरेनहाइट एकदा आला, किंवा १००.४ तासभर टिकला, तर ती इमर्जन्सी. शिरेतून पहिलं अँटिबायोटिक तासाभरात जायला हवं. म्हणून गाडी पकडून मुंबई गाठायची नाही, आधी जवळचं रुग्णालय. पहिल्या फेरीनंतर घरी निघतानाच केमो देणाऱ्या युनिटकडून पत्र घ्या: निदान, औषधांच्या तारखा, मुलाचं वजन, कुठलं अँटिबायोटिक किती, आणि फोन नंबर. ते पत्र रत्नागिरीच्या किंवा कणकवलीच्या बालरोगतज्ज्ञांना आधीच दाखवून ठेवा. पावसाळ्यात लेप्टो, डेंग्यू, मलेरियाची रक्तं जरूर पाठवा, मात्र त्यांच्या रिपोर्टासाठी अँटिबायोटिक अडवू नका. पॅरासिटामॉल देऊन ‘सकाळी बघू’ तर मुळीच नको. गुदद्वारातून सपोझिटरी किंवा एनिमा नाही, आणि युनिटला विचारल्याशिवाय दंडात-कुल्ल्यात इंजेक्शनही नाही.

व्हिन्क्रिस्टिनने शौच अडतं. लॅक्टुलोज (शौच मऊ करणारं औषध) सांगितलं असेल तर पहिल्या दिवसापासून द्या. पोट फुगलं, पाऊल घासायला लागलं किंवा जबडा दुखला, तर कळवा. कोकणातल्या दमट हवेत नायटा झाला की इट्राकोनॅझोल हे बुरशीवरचं औषध सर्रास लिहिलं जातं. ते व्हिन्क्रिस्टिनला शरीरातून बाहेर पडू देत नाही आणि नसांना जबर इजा होऊ शकते. कुठल्याही दवाखान्यात आधी ‘केमो चालू आहे’ सांगा. झाडपाल्याचा काढाही थांबवा, यकृतावर आधीच ॲक्टिनोमायसिनचा ताण असतो. उजव्या बरगडीखाली दुखणं, अचानक वाढलेलं वजन, पिवळे डोळे दिसले तर त्याच दिवशी फोन करा.

जून ते ऑक्टोबर कोकण रेल्वे सावकाश चालते आणि घाटात दरडी येतात. म्हणून पावसाळ्यातले पेशी कमी असण्याचे दिवस मुंबईतच काढा, असं माझं स्पष्ट मत आहे. सेंट ज्यूड इंडियाच्या केंद्रांत कुटुंबाची मोफत राहायची सोय होते. रुग्णालयातल्या समाजसेवा विभागात पहिल्याच दिवशी नाव घाला आणि महात्मा फुले योजनेसाठी आरोग्यमित्राला (योजनेचा रुग्णालयातला मदतनीस) भेटा. रेल्वेच्या कर्करोग सवलतीत स्लीपरला मुलाचं तिकीट माफ आणि सोबतच्या एकाला ७५ टक्के सूट मिळते. त्यासाठी लागणाऱ्या फॉर्मवर रुग्णालयाची सही-शिक्का घ्या.