आधी बघा, कोण मेलं आणि कोण वाचलं

भाऊ, समुद्री पाण्याच्या टाकीतले मासे मेल्याचा तुमचा सगळा मजकूर दोनदा वाचला. दारव्ह्याकडचं गाव, मे महिना, सहा दिवस लग्नाला बाहेर. शेजारच्या पोराला खाणं टाकायला सांगितलेलं. तीनशे लिटरच्या टाकीतला यलो टँग, फॉक्सफेस आणि कोरल ब्यूटी गेले, दोन्ही क्लाउन मात्र जिवंत. परतल्यावर अमोनिया 0.5, खारटपणा घनतेच्या मापात 1.029, पाणी 32 अंश. त्यावरून तुम्ही पोराला धरलंत, की त्याने ढीगभर खाणं टाकलं.

मला नाही पटत. कोरल ब्यूटी तुम्हाला दोन दिवसांनी दगडाच्या फटीत सडलेला सापडला ना? मग अमोनिया त्याचाच. तो मरणाचं कारण नाही, मरणानंतरची घाण आहे.

आता वाचलेल्यांकडे बघा. श्रिंप, म्हणजे टाकीतली कोळंबी, जिवंत आहे, म्हणजे डासांच्या औषधाचा किंवा शेतातल्या फवाऱ्याचा संशय मिटला. तसल्या औषधाने श्रिंप आधी आडवा होतो. वेल्वेट हा परजीवीचा रोग असता तर मासे भुकटी लावल्यासारखे दिसले असते आणि क्लाउनही सुटले नसते. गेले ते तिघं तुमच्या टाकीतले मोठे मासे. तोंड उघडं, कल्ले ताणलेले, असं तुम्हीच लिहिलंय. आदल्या संध्याकाळी तिघांनी खाल्लं आणि सकाळी मेले. हे दम कोंडून मरणं आहे.

समुद्राच्या पाण्यात गोड्यापेक्षा ऑक्सिजन मुळातच पाचव्या भागाने कमी मावतो. 25 अंशांना लिटरमागे साधारण 6.8 मिलिग्रॅम, 32 ला 6 च्या आसपास. त्यात रात्री दिवे बंद झाले की कोरल आणि शेवाळही ऑक्सिजन खातात, म्हणून पहाटेची वेळ सगळ्यात वाईट. त्या रात्री तुमच्याकडे तीन-चार तास लाइन नव्हती. पाणी घुसळणारा वेव्हमेकर बंद, टाकीवरचा पंखा बंद.

तुम्ही म्हणता, लाइन तर आमच्याकडे नेहमीच जाते, आधी कधी काही झालं नाही. खरंय. पण आधी तुम्ही घरात होता, कूलर चालू होता, पाणी 27 च्या वर जात नव्हतं. आणि लाइन आल्यावर रिटर्न पंप, म्हणजे खालच्या टाकीतलं पाणी वर चढवणारा, परत सुरू व्हायचा. या वेळी बंद खोलीत रोज पाच लिटर पाणी उडालं असेल, तर सहा दिवसांत तीस होतात. दर हजारी 35 चा खारटपणा 39 वर जातो, तुमचा 1.029 चा आकडा बरोबर तिथेच बसतो. सम्प, म्हणजे खालची जोडटाकी, असलेल्या टाकीत ही घट वर दिसत नाही, सगळी रिटर्नच्या कप्प्यात उतरते. फोटोत त्या कप्प्याच्या काचेवर मिठाची पांढरी रेघ पंपाच्या तोंडाखाली आलीय. पंप हवा ओढत होता, राजेहो! पोराला तुम्ही खाणं सांगितलं, पाणी ओतायचं सांगितलंच नाही.

माझ्याकडे एकदा पोळ्याला असंच झालं. लाइन आली, पण व्होल्टेज इतकं कमी की पंप नुसता घुं-घुं करत होता, पाणी हलेना. हात लावला तर चटका बसला. एक टँग गेला. तेव्हापासून वेव्हमेकर इन्व्हर्टरवर आहे. दहा वॉटचं यंत्र ते, सीलिंग पंखा 75 खातो. बॅटरीला कळतही नाही. सोबत लाइन गेली की आपोआप चालू होणारा बॅटरीचा एअर पंप ठेवतो. फ्लोट लावलेला चाळीस लिटरचा आरओ पाण्याचा कॅन सम्पजवळ असतो, आणि खाण्याच्या रोजच्या पुड्या तारीख लिहून बांधून देतो. पुडी सापडली नाही तर त्या दिवशी उपास. निरोगी मोठ्या माशाला दोन-चार दिवसांच्या उपासाने काही होत नाही.

आता काय करायचं? खारटपणा एकदम खाली आणू नका, कोरल आखडतील, रोज 0.001 इतकंच, आरओ पाण्याने. अमोनिया शून्य होईपर्यंत खाणं अगदी थोडं आणि पाणी बदलायचं. नवे मासे आत्ताच नको.

आणि आज रात्री रिटर्न पंप काढून इम्पेलर, म्हणजे आतलं फिरतं चाक, बघा. कोरडा चालून पाती वेडीवाकडी झाली असतील, तर तो परत जोडू नका.