तीस किट, पण यादी संपेना

प्रश्न: आमची संस्था एआरटी (एचआयव्हीवरची औषधं) घेणाऱ्या अशक्त एचआयव्हीबाधितांना दरमहा पोषण किट देते: गव्हाचं पीठ, तूरडाळ, शेंगदाणे, तेल. देणगीतून ३० किट निघतात. दर महिन्याला साधारण ५ नवे रुग्ण येतात. एकदा सुरू केलेलं किट आम्ही बंद करत नाही, म्हणून नव्यांना परत पाठवावं लागतं. गणिताच्या मॉडेलने काही मार्ग निघेल का?
– एक कार्यकर्ती, सांगली जिल्हा

उत्तर: ताई, निघेल, आणि त्याला कॉम्प्युटर लागत नाही. महिन्याला येणारे गुणिले प्रत्येकाचा मुक्काम, बरोबर यादीतली माणसं. जॉन लिटल यांनी हा नियम १९६१ साली सिद्ध केला. तुमच्याकडे ३० भागिले ५, म्हणजे प्रत्येकाला सरासरी ६ महिने. मुक्कामाला शेवटच नसेल, तर देणगी दुप्पट झाली तरी यादी भरणारच.

तेव्हा किट कधी थांबवायचं ते आधी ठरवा. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचं माप, १८.५च्या खाली असेल तर सुरू. वर गेल्यावर मात्र दोन-तीन महिने टिकू द्या. काटा १८.५ला टेकताच बंद केलंत, तर काहीजण घसरून परत येतील. महिन्याला येणारे ५ चे ७ झाले की वाट्याला जेमतेम सव्वाचार महिने.

दुसरं, किट घरात जातं, एकाच ताटात नाही. लक्षणं नसलेल्या बाधिताला जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने १० टक्के जादा ऊर्जा लागते. लक्षणं असली तर २० ते ३० टक्के. २००० कॅलरी लागणाऱ्या बाईला जादा २००, म्हणजे साधारण ३५ ग्रॅम शेंगदाणे. घरात पाच तोंडं असली की तिच्या वाट्याला ७ ग्रॅम. अहवालवाले याला 'गळती' म्हणतात. मुलांना उपाशी ठेवून आई खाईल, असं गृहीत धरणारं मॉडेलच मला गळकं वाटतं. रजिस्टरात घरच्या माणसांचा रकाना घाला आणि किट त्या मापाने भरा. किट मोठं झालं की संख्या कमी होईल, तोही हिशेब आधीच मांडा.

देणगीदारांना मात्र 'इतके जीव वाचतील' असं लिहून देऊ नका. मलावीत एआरटी सुरू करणाऱ्या कृश प्रौढांना शेंगदाण्याची पौष्टिक पेस्ट किंवा मका-सोयाचं पीठ देऊन पाहिलं होतं. २००९ साली निष्कर्ष आले: पेस्टवाल्यांचं वजन जास्त वाढलं, मृत्यूंत फरक दिसला नाही.

आणि दोन महिने किट खाऊनही वजन हलत नसेल, तर तिसरं देताना एआरटी केंद्रात टीबीची तपासणी करायला सांगा.